राहीने लावलेली जाई

फार फार मागची गोष्ट. डोंगरावर राजाचा गड होता, आणि गडाच्या तटावरून खाली पाहिलं की पायवाटा बारीक रेघांसारख्या दिसायच्या. त्यातली एक वाट जिथे ओढ्याला भेटायची, तिथे एक लहान गाव होतं. त्या गावाचं नाव आता कुणाला आठवत नाही. पण तिथल्या एका आईच्या हातून काय घडलं, ते सांगण्यासारखं आहे. लहानांनी ते ऐकावं, आणि ज्यांच्या घरात लहानं आहेत त्यांनी तर जरूर ऐकावं.

गावाच्या कडेला भिवा नावाचा बुरूड राहायचा. बांबू चिरून तो सुपं, टोपल्या, रोवळ्या विणायचा. त्याच्या बायकोचं नाव राही. त्यांना दोन मुलं होती, थोरला खंडू आणि धाकटी येसू.

खंडू बोलका होता. सकाळी डोळे उघडायचा तो बोलतच. गावाबाहेर देवीचं देऊळ होतं, आणि देवळाच्या ओवरीवर जाईचा जुना वेल चढलेला होता. खंडू रोज तिथे जाऊन खाली पडलेली फुलं वेचायचा, सदऱ्याच्या ओच्यात भरून आणायचा आणि आईच्या पुढ्यात ओतायचा. राही हातातलं काम टाकून ती हुंगायची. येसू तिथेच दाराला धरून उभी असायची. तिलाही फुलं आणावीशी वाटत, पण भाऊ तिच्यापेक्षा भरभर पळायचा.

एका पावसाळ्याच्या शेवटी गावात तापाची साथ आली. बरीच घरं त्यातून सुटली. भिवाचं घर सुटलं नाही. खंडू काही दिवस अंथरुणात पडून राहिला, बोलायचा बंद झाला, आणि एका सकाळी त्याचा श्वासही बंद झाला.

राही रडली नाही. ती चुलीपाशी बसली आणि तिथेच बसून राहिली. शेजारणींनी पिठलं-भाकरी आणली, तिने ताटाकडे पाहिलं नाही. भिवाने हाताने घास भरवला, तो तिच्या ओठांवरून खाली पडला. ती वाळत चालली. येसू तिच्या मांडीला टेकून बसायची आणि पुन्हा पुन्हा एकच म्हणायची, "आई, जेव ना."

देवळाची पूजा ज्यांच्याकडे होती, त्या गुरवाच्या घरात एक म्हातारी होती. सगळं गाव तिला गुरवीण आजी म्हणायचं. तिने देवळातल्या जाईची एक लांब फांदी वाकवून मातीत दाबून ठेवली होती, आणि तिला मुळं फुटली होती. ते रोप मुळांच्या मातीसकट काढून आजी राहीच्या दारात आली.

"ऊठ राही," आजी म्हणाली. "खड्डा कर आणि हे लाव. खंडू ज्याची फुलं आणायचा ना, त्याच वेलाचं आहे."

खंडूचं नाव ऐकलं आणि राही उठली. अंगणाच्या उगवतीला, जिथे दिवसभर ऊन असायचं, तिथे तिने स्वतः खड्डा खणला. शेणखत कालवलं, रोप ठेवलं, माती दाबली. मग ती तिथेच बसून खूप रडली. त्या दुपारी ती पहिल्यांदा जेवली. तिच्या हातातली भाकरी पाहून येसूला इतका आनंद झाला की ती धावत जाऊन त्या रोपाला नमस्कार करून आली.

भिवाने वेलासाठी बांबूचा मांडव उभा केला. रोपाने धुमारे काढले, कोवळं टोक मांडवाच्या खांबाला विळखा घालत वर चढलं. राही सकाळ-संध्याकाळ पाणी घालायची, माती मोकळी करायची, पानांमागची कीड बोटांनी टिपायची. वर्ष सरलं. पुढच्या उन्हाळ्यात वेलाला कळ्या आल्या, पाठीवर गुलाबी झाक असलेल्या, निमुळत्या. दिवस कलला की त्या उमलायच्या आणि सारी आळी दरवळून जायची.

पहिलं फूल उमललं तेव्हा राहीने वेलाला दोन्ही हातांनी कवटाळलं. "माझा खंडू हसला," ती म्हणाली.

भिवाने ते ऐकलं. त्याला वाटलं, बोलू दे. निदान बोलते आहे, जेवते आहे.

इथपर्यंत जे झालं त्यात चूक काहीच नव्हती. दुःखात माणसाला धरायला काहीतरी लागतं. राहीने वेल धरला. पण धरलेली गोष्ट सैल कशी करायची, ते तिला कळलं नाही.

शेजारच्या बायका देवीला हार करायला फुलं मागायला आल्या. राहीने त्यांना दारातूनच परत पाठवलं. "माझ्या लेकराला कुणी ओरबाडायचं नाही," ती म्हणाली. फुलं वेलावरच उमलायची, वेलावरच सुकायची, आणि गळून पडली की राही ती वेचून वेलाच्याच बुंध्याशी पुरायची. आळीतल्या मुलांनी कुंपणावरून हात घातला तर ती काठी घेऊन धावायची. हळूहळू बायका यायच्या बंद झाल्या, मुलंही वाट बदलून जाऊ लागली.

आणि येसू?

येसू मोठी होत होती, आपली आपणच. सकाळी ती केस विंचरायची फणी घेऊन आईपाशी यायची. "आई, वेणी घालतेस?"

"थांब, खंडूला पाणी घालते," राही म्हणायची.

येसू पायरीवर बसून राहायची. पाणी घालून झालं की राही वाळकी पानं वेचायला लागायची, मग आधार ढिला झालेल्या फांद्या बांधायला. ऊन पायरीवरून सरकून भिंतीवर जायचं. मग येसू फणी उचलून आत जायची आणि जमेल तशी वेणी घालायची. तिचा भांग कधीच सरळ आला नाही.

एकदा भाकरी उलटताना तव्याची कड तिच्या मनगटाला लागली. कातडी टरारून वर आली. ती हात पुढे धरून अंगणात धावली. "आई, बघ ना, भाजलं!"

राही मांडवाखाली उभी होती. तिच्या बोटांत एक पिवळं पान होतं. "बघ, कसं पिवळं पडलंय," ती म्हणाली. "काल हिरवं होतं गं. काय दुखतंय याचं?"

येसूने हात खाली घेतला. संध्याकाळी बापाने तिच्या मनगटाला खोबरेल लावलं.  "तुझ्या आईला सांगू मी काहीतरी?" त्याने विचारलं.

"नको बाबा," येसू म्हणाली. "ती पुन्हा जेवायची नाही."

भिवालाही तेच भय होतं. त्या भयापोटी तो गप्प राहिला. राहीने मांडव मोठा करायला सांगितला की तो बांबू चिरायचा आणि मांडव मोठा करायचा. घर सांभाळायला दोन मोठी माणसं होती. एक वेलापाशी होतं, दुसरं आपल्याच भयापाशी. मधल्या जागेत ती एवढीशी पोर घर चालवत होती.

काही वर्षं अशी गेली. वेल आता वेल राहिला नव्हता. फांद्यांवर फांद्या चढून त्याचं गचपण झालं होतं. वरचं पानांचं छप्पर इतकं दाट की आतल्या फांद्यांना ऊन दिसत नव्हतं. त्या आतून वाळून काटक्या झाल्या होत्या. राही कोयता लावू द्यायची नाही, वाळकी फांदीसुद्धा मोडू द्यायची नाही. पाणी मात्र ती आधीपेक्षा दुप्पट घालायची, कारण वेल कोमेजताना दिसायचा. बुंध्याशी सदा चिखल असायचा आणि चिखलाला आंबूस वास यायला लागला होता. एका उन्हाळ्यात मूठभर फुलं आली. पुढच्या उन्हाळ्यात एकही आलं नाही.

राही घाबरली. तिचं जेवण पुन्हा कमी झालं. थंडी सरत आली होती, तेव्हा ती गुरवीण आजीकडे गेली. येसू तिच्यामागे गेली. आजी आता अंथरुणाला खिळली होती, पण तिचं चित्त थाऱ्यावर होतं.

"आजी, माझा वेल जातोय. काहीतरी सांगा."

आजीने सगळं ऐकून घेतलं. "छाटला होतास कधी?"

"नाही."

"मग आता छाट. याच दिवसांत. कमरेएवढा ठेव, बाकी सगळं काढून टाक. वाळकं तर सगळंच काढ. आणि पाणी तोड. मुळं कुजत आली असतील. माती कोरडी होऊ दे, श्वास घेऊ दे तिला. मग बघ कसा फुटतो ते."

राहीचा चेहरा पांढरा पडला. "खंडूवर कोयता चालवू मी?"

आजीने तिचा हात हातात घेतला. "राही, ती जाई आहे. खंडू नाही. मी तुला रोप दिलं होतं, मुलगा दिला नव्हता. तुझं मूल तुझ्यामागे उभं आहे."

राहीने हात काढून घेतला आणि ती रागाने बाहेर पडली. येसू क्षणभर थांबली. तिने आजीला हळूच विचारलं, "कमरेएवढा म्हणजे कुणाच्या कमरेएवढा, आजी?"

"तुझ्या," आजी म्हणाली, पण पोर असं का विचारते आहे ते आजीच्या ध्यानात आलं नाही.

येसूने मनाशी विचार केला. वेल मेला तर आई जेवायचं सोडणार. आईने जेवायचं सोडलं तर आई जाणार. आईच्या हातून तर छाटणी होणार नाही. मग ती कुणीतरी केलीच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी राही पाणी आणायला ओढ्यावर गेली होती आणि भिवा बांबू आणायला रानात. येसूने बापाचा जुना कोयता काढला. कोयता जड होता. तिने वरची जाळी ओढून खाली घेतली, वाळक्या काटक्या मोडल्या, जाड फांद्यांवर घाव घातले. हातांना ओरखडे आले, तळव्याला फोड आला. फांदी हिरवी होती तिथे कापावर ओल दिसली तेव्हा ती घाबरून थांबली आणि म्हणाली, "थोडंच दुखेल हं, दादा." कारण इतकी वर्षं ऐकून तिलाही ते थोडं खरं वाटायला लागलं होतं. मग ती पुन्हा कामाला लागली.

राही घागर घेऊन फाटकातून आत आली, तेव्हा मांडव उघडा पडला होता. अंगणभर हिरव्या-करड्या फांद्यांचा ढीग होता. बुंध्याचे कमरेएवढे खुंट उभे होते आणि त्यांच्यापाशी येसू उभी होती, हातात कोयता घेऊन. तिच्या चेहऱ्यावर थोडंसं हसूही होतं, काम पुरं झाल्याचं.

घागर फुटली. राही धावत आली आणि तिने पोरीच्या तोंडात मारली. एकदा मारून ती थांबली असती, तर कदाचित ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण माराबरोबर तिच्या तोंडून शब्दही निघाले.

"त्याच्या जागी तू का नाही गेलीस?"

फाटकात भिवा उभा होता. खांद्यावर बांबूंचा भारा होता. त्याने ते ऐकलं.

येसू रडली नाही. तिने खाली वाकून हातातून पडलेला कोयता उचलला, जिथून घेतला होता तिथे नेऊन ठेवला, आणि घरात जाऊन चूल पेटवली, कारण स्वयंपाकाची वेळ झाली होती.

सकाळी भिवाने येसूच्या परकर-चोळीची लहान गाठोडी बांधली. डोंगरापलीकडच्या गावात त्याची बहीण राहायची, गोदा नावाची. निघताना तो राहीसमोर उभा राहिला. इतक्या वर्षांत तो तिला एक कठोर शब्द बोलला नव्हता. तेव्हाही त्याचा आवाज चढला नाही.

"मी हिला गोदाकडे ठेवून येतो," तो म्हणाला. "माझंही चुकलं. मी बोलायला हवं होतं तेव्हा बांबू चिरत बसलो. पण आता हिला या घरात ठेवणार नाही. इथे हिच्या अंगावर ऊनच पडत नाही, राही."

राहीने मान वर केली नाही. बाप-लेक वाटेला लागले. येसूने वळून पाहिलं की नाही, ते तिला कळलं नाही.

मग राही त्या खुंटांपाशी बसली. तिने पाणी घातलं नाही. घालून काय उपयोग, असं तिला वाटलं. चिखल वाळला, माती भेगाळली. भिवा परत आला, त्याने आपली भाकरी आपण थापली, तिच्यापुढे ठेवली. ती कधी खायची, कधी नाही. 

उन्हं तापू लागली होती. एका सकाळी राही अंगणात आली आणि तिला खुंटाच्या सालीवर एक तांबूस ठिपका दिसला. ती जवळ गेली. ठिपका नव्हता, कोंब होता. त्याच्या खाली आणखी एक. दुसऱ्या खुंटावर तर रांगच होती. इवली इवली, चकचकीत, मिटलेली पानं.

राहीच्या तोंडून हाक निघाली. "येसू! येसू, लवकर ये गं, बघ!"

हाक अंगणात घुमली. कुणी आलं नाही.

राही थबकली. तिने खंडूला हाक मारली नव्हती. आनंद झाला तेव्हा तो कुणाला दाखवायचा, हे तिच्या जिभेला तिच्या आधी कळलं होतं. तिने पुन्हा हाक मारली, या वेळी हळू. मग ती घरात गेली, जणू पोर आतच कुठेतरी असेल.

आणि तिने आपलं घर पाहिलं. किती वर्षांनी पाहिलं, ते तिलाही सांगता आलं नसतं. पिठाचा डबा फडताळाच्या वरच्या कप्प्यात असायचा, तो खाली जमिनीवर होता. मिठाची बरणी खाली होती. तिखटाची खाली होती. पळी आणि उलथनं अडकवायची खुंटी भिंतीत नव्याने ठोकलेली होती, राहीच्या कमरेच्या जरा वर. चुलीच्या उंच ओट्यापुढे एक चपटा दगड होता, तव्यापर्यंत हात पोचावा म्हणून आणून ठेवलेला. दगडाचा मधला भाग पायांनी घासून गुळगुळीत झाला होता.

राही त्या दगडापाशी खाली बसली. इतक्या वर्षांत ती जी भाकरी खात होती, ती या दगडावर उभं राहून कुणीतरी भाजत होतं. तिला ते मनगट आठवलं. पुढे केलेलं मनगट. तेव्हा तिने पाहिलं नव्हतं असं तिला वाटत होतं, पण तिने पाहिलं होतं. पाहून ती पानाविषयी बोलली होती.

भिवा कामावरून आला तेव्हा ती तिथेच बसलेली होती. "मी तिला आणायला जाते," ती म्हणाली.

"ती आली नाही तर?" भिवाने विचारलं.

 तरी राही सकाळी निघाली.

डोंगर चढून उतरायला दिवस लागला. गोदाचं अंगण शेणाने सारवलेलं होतं आणि तिथे चार मुलं सागरगोटे खेळत होती. त्यातली एक मुलगी हसत होती. तिच्या केसांना तेल होतं, भांग सरळ होता. राहीला ओळखायला क्षण लागला. आपली पोर हसताना कशी दिसते, ते तिला ठाऊकच नव्हतं.

येसूने आईला पाहिलं आणि तिचं हसू विझलं. हातातला सागरगोटा तिने हळूच खाली ठेवला, उठून उभी राहिली आणि विचारलं, "वेल मेला का?"

"नाही," राही म्हणाली. "फुटला. पुष्कळ फुटला."

"मग तू जेवतेस ना?"

 राही सारवलेल्या जमिनीवर बसली. मुलीने कोयता का उचलला होता, ते तिला त्या एका प्रश्नात समजलं. वेल वाचवायला नव्हे. आई वाचवायला.

"येसू," ती म्हणाली, "मी तुला जे बोलले, ते आईने बोलू नये असं होतं. ते खरं नव्हतं, पण मी बोलले. माझं चुकलं, बाळा. घरी चल."

येसू बराच वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिली. मग म्हणाली, "मी इथेच राहते, आई."

राहीने गोदाकडे पाहिलं. गोदा मान हलवत पुढे आली. ती रोखठोक बाई होती. "वहिनी, पोर माझ्याकडे आली तेव्हा ताटावर बसायची आणि सगळ्यांचं झाल्याशिवाय घास तोंडात घालायची नाही. झोपेत विचारायची, आई जेवली का. आता कुठे जरा मूल झाली आहे. तिला ओढू नका. तुम्ही येत जा. दार उघडं आहे."

राही ओढायला गेली नाही. ती रात्र नणंदेकडे काढून परत फिरली. पण ती पुन्हा आली. पुन्हा पुन्हा आली. उन्हाळा कडक झाला तशी वाट तापायची, दगडांवरून चालताना तळवे भाजायचे. ती यायची, गोदाला दळण-कांडणात हात लावायची आणि ओसरीवर बसायची. येसू आधी लांबूनच पाहायची. मग एकदा जवळ येऊन बसली. मग एकदा फणी घेऊन आली, आईकडे पाठ करून बसली. राहीने तिचे केस विंचरले, गुंता नव्हता तरी पुन्हा विंचरले. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तिने आवाज होऊ दिला नाही. ते रडणं पोरीने सांभाळावं, असं तिला आता वाटत नव्हतं.

तिकडे वेल मांडवावर चढला होता. राहीने त्याला वेळच्या वेळी खत घातलं, माती सुकली की मगच पाणी दिलं. जाळी होऊ लागली तशा तिने फांद्या मोकळ्या करून दूर दूर बांधल्या. वैशाखात तो असा फुलला की पानं दिसेनात. पहिल्या फुलांची दुरडी भरून राही आळीत गेली आणि ज्या बायकांना तिने परत पाठवलं होतं, त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. काहींनी फुलं घेतली. एकीने घेतली नाही. राहीने तिचा राग मानला नाही. दुसऱ्या दिवसापासून फाटक उघडं राहू लागलं आणि मुलं येऊन खुशाल फुलं तोडू लागली. जितकी तोडली, तितक्या नव्या कळ्या येत गेल्या.

एका सकाळी राही गोदाकडून परत निघाली होती. आदल्या दिवशीच्या चालण्याने तिचे पाय इतके पोळले होते की ती टाचांवर चालत होती. येसूने ते पाहिलं. तिने तांब्याभर पाणी आणून आईच्या पायांवर ओतलं. मग आत जाऊन आपली गाठोडी घेऊन आली.

"मी येते तुझ्याबरोबर," ती म्हणाली. "तुला एकटीला जमायचं नाही. वाटेत पडलीस तर?"

राहीला वाटलं, आत्ताच्या आत्ता हिचा हात धरावा आणि निघावं. इतके दिवस तिने याच शब्दांची वाट पाहिली होती. पण ती थांबली. तिने पोरीच्या हातातली गाठोडी घेतली आणि ओसरीवर ठेवली.

"मला सांभाळायला येऊ नकोस," ती म्हणाली. "माझे पाय माझे मी सांभाळीन. ते तुझं काम नाही, येसू. कधीच नव्हतं. तुला यावंसं वाटेल ना, नुसतं यावंसं वाटेल, तेव्हा ये. नाही वाटलं तर मी येत राहीनच."

आणि ती टाचांवर चालत एकटीच डोंगर चढू लागली. मागे वळून पाहिलं तर धीर सुटेल, म्हणून तिने पाहिलं नाही.

येसू त्या दिवशी गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ती मुलांबरोबर खेळली, आत्याच्या हातचं पोटभर जेवली. आईची काळजी करायची नाही म्हटल्यावर दिवस किती मोठा होतो, ते तिने पहिल्यांदाच पाहिलं. पुढे पावसाळा आला आणि सरला. पिकं पिवळी झाली. आणि एका सकाळी ती उठून आत्याला म्हणाली, "आत्या, मला घरी जावंसं वाटतंय."

"का गं? आईची आठवण आली?"

येसूने थोडा विचार केला. "हो," ती म्हणाली. आणि मग, जरा लाजून, "ती वेणी चांगली घालते."

तिला घरी पोचवायला गोदा स्वतः आली. राही फाटकात उभी होती. तिने धावत जाऊन पोरीला कवटाळलं नाही. ती खाली बसली आणि तिने हात पुढे केले. येसू आपल्या पावलांनी चालत त्या हातांत आली. भिवा ओसरीवर टोपली विणत होता. त्याने टोपली बाजूला ठेवली आणि तोंडावरून उपरणं घेतलं.

ते घर पुढे सुखाने नांदलं. पण मुलांनो, बोललेला शब्द कापलेल्या फांदीसारखा नसतो, की त्याच्या जागी नवा कोंब यावा. येसू मोठी झाली, सासरी गेली, तिला मुलं झाली. तरीही घरात कुणाचा आवाज चढला की ती हातातलं काम हळूच खाली ठेवायची आणि क्षणभर अगदी स्तब्ध उभी राहायची. लेक माहेरी आली की राहीला ते दिसायचं, अगदी म्हातारपणापर्यंत. प्रत्येक वेळी ती उठून लेकीजवळ जायची, तिच्या पाठीवर हात ठेवायची आणि लेकीचा श्वास पुन्हा मोकळा होईपर्यंत हात काढायची नाही.

गेलेल्यांची आठवण जरूर जपावी, पण ती जपताना आपल्याजवळ जे आहेत त्यांना विसरू नये.